आधी पाय बघा, मग एमआरआय

कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरते, खोकल्या-शिंकल्याबरोबर पायात सणक जाते आणि एमआरआयच्या रिपोर्टवर 'एल-४ एल-५ ला गादी सरकून नस दबली आहे' असं लिहून येतं. त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आता वेळ घालवू नका, ऑपरेशन उरकून टाका. दुसरा म्हणतो, मणक्याला हात लावाल तर जन्मभर खाटेवर पडाल. बीड जिल्ह्यात या वादात तिसरा आवाज मिसळतो तो हंगामाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून ऊसतोडीच्या जोड्या सांगली-कोल्हापूर, सातारा-सोलापूर आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते, ती फेडायची असते, आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो. त्यामुळे पुष्कळदा दुखण्याचा निर्णय कॅलेंडरकडे बघून होतो. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की गादी सरकल्यावर ऑपरेशन करायचं की थांबायचं, हे फिल्मवरच्या चित्रावरून, भीतीवरून किंवा हंगामावरून ठरवू नये. पायातली ताकद, लघवी-संडासवरचा ताबा आणि दुखणं सुरू होऊन गेलेले आठवडे, या तीन गोष्टींवरून ते ठरवावं.

आधी नेमकं काय बिघडतं ते समजून घेऊ. दोन मणक्यांच्या मधल्या गादीला बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ गर असतो. वयाने, वारंवार वाकून वजन उचलण्याने आणि काही अंशी आनुवंशिकतेने कडं विरत जातं, आणि जुन्या टायरच्या चिरेतून ट्यूब डोकवावी तसा आतला गर बाहेर येतो. गादी जागेवरून घसरत नाही, त्यामुळे ती दाबून 'बसवता' येते ही समजूत चुकीची आहे. बाहेर आलेला गर शेजारच्या नसेवर दाब आणतो आणि तिथे सूजही आणतो; पायात जाणारी कळ ही दाब आणि सूज दोन्हींची असते. बहुतेक वेळा हे कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांमध्ये घडतं, कारण शरीराचा भार आणि वाकण्याची हालचाल तिथेच सर्वांत जास्त एकवटते. ऊसतोडीत हाच भाग दिवसभर कामाला जुंपलेला असतो. पहाटे अंधारात बुडख्याशी वाकून कोयता चालवायचा, मग वाढं छाटून मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. रात्रीच्या झोपेत गादी पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून उठल्या उठल्या वाकून केलेलं जड काम तिच्यावर जास्त ताण देतं. ज्यांना एकदा त्रास होऊन गेला आहे, त्यांनी सकाळचा पहिला अर्धा-पाऊण तास तरी उभ्याने करायची कामं आधी उरकावीत.

निर्णयाची पहिली पायरी म्हणजे थांबण्याची मुभा आहे का, हे बघणं. लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, संडासवरचा ताबा गेला, बसताना जो भाग टेकतो तिथे आणि जांघेच्या आत बधिरपणा आला, दोन्ही पाय एकदम लुळे वाटू लागले, तर ती तातडीची अवस्था आहे. कण्याच्या शेवटी असलेला नसांचा जुडगा दबल्याचं ते लक्षण असतं आणि तिथे निर्णय तासांत घ्यावा लागतो. उशीर झाला तर नंतर कितीही चांगलं ऑपरेशन झालं तरी लघवीचा ताबा परत येईलच असं नाही. अशा वेळी १०८ ची रुग्णवाहिका बोलावून जिथे एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन दोन्ही होतं अशा मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचायचं. फडावर असाल तर गावी परतण्याची वाट बघायची नाही. लाजेपायी ही लक्षणं सांगितली जात नाहीत, विशेषतः बायकांकडून, आणि तिथेच घात होतो. दुसरी गोष्ट पायाच्या ताकदीची. भिंतीला हात लावून आधी टाचांवर चार पावलं चालून बघा, मग चवड्यांवर, आणि नंतर बसून दोन्ही पायांचे अंगठे वर उचलून कुणाला तरी ते दाबायला सांगा. एका बाजूचं पाऊल लोंबू लागलं, चप्पल पायातून निसटू लागली किंवा ही कमजोरी दिवसागणिक वाढत असेल, तर सहा आठवडे थांबण्याचा सल्ला तुमच्यासाठी नाही. त्याच आठवड्यात तज्ज्ञाला दाखवा.

पायात कळ आली म्हणजे गादीच, असंही धरून चालू नये. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन आणि रात्री झोपमोड करणारं पाठदुखणं असेल तर मणक्याचा क्षय डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. तो औषधांनी बरा होतो, पण कंबरदुखी समजून महिनोन्महिने फक्त चोळत बसलं तर मणका खचतो. बीड जिल्ह्याला लागू पडणारी आणखी एक बाब आहे. इथे कमी वयात गर्भपिशवी काढलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे. गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली गेली असतील तर पाळी जाण्याच्या वयाच्या कितीतरी आधी हाडं विरळ होऊ लागतात. अशा चाळिशीतल्या बाईची कंबर अचानक, किरकोळ धक्क्याने दुखू लागली तर तिथे मणक्याच्या हाडाची चीर असू शकते, आणि तिचा उपचार गादीपेक्षा अगदी वेगळा आहे. ऑपरेशन कधी झालं आणि त्यात काय काय काढलं, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगावं. जुनं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावं.

हे धोके नसतील, तर मात्र वाट पाहणं हाच बहुतेकांसाठी शहाणा उपचार ठरतो, आणि त्याला आधार आहे. बाहेर आलेल्या गराला शरीर परकं समजून हळूहळू शोषून टाकतं. फिल्मवर जो तुकडा जितका मोठा आणि सुटून बाहेर पडलेला दिसतो, तो तितका विरघळून जाण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे रिपोर्टमधला सर्वांत घाबरवणारा शब्द हा पुष्कळदा सर्वांत आशादायक असतो. याची दुसरी बाजू अशी की कसलाही त्रास नसलेल्या माणसांच्या मणक्यांतही बिघाड दिसतो. २०१५ साली अशा ३,११० निरोगी माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहण्यात आल्या, तेव्हा विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांत गादीची झीज आढळली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीतच ३० टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणून 'मणक्यात गॅप आहे' या वाक्यावर उपचार होत नसतो. फिल्मवर दबलेली नस आणि प्रत्यक्षात ज्या बाजूच्या, ज्या पट्ट्यात कळ-बधिरपणा आहे ती नस, या दोन्ही जुळल्या तरच त्या चित्राला अर्थ येतो. धोक्याची लक्षणं नसतील आणि ऑपरेशनचा विचारही चालू नसेल, तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयवर पैसे घालवण्याची गरज नसते. साध्या एक्स-रेमध्ये तर गादी दिसतच नाही.

वाट पाहणं म्हणजे खाटेवर पडून राहणं, असा अर्थ मात्र घेऊ नये. १९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात जाणाऱ्या कळेच्या, १८३ रुग्णांवर अभ्यास झाला. दोन आठवडे अंथरुणात राहिलेल्यांना हिंडत्या-फिरत्या रुग्णांपेक्षा काहीही जास्त फायदा झाला नाही. पहिले एक-दोन दिवस ज्या कुशीवर बरं वाटतं त्या कुशीवर पडावं, मग घरात-अंगणात चालायला लागावं, दर अर्ध्या तासाने बसण्याची जागा बदलावी, वाकून वजन उचलणं पूर्ण बंद ठेवावं. कळ पायातून वर सरकत कंबरेत येऊन थांबली तर सुधारणा होते आहे असं समजावं. ती खाली खाली उतरू लागली तर व्यायामाचा प्रकार बदलावा लागतो आणि तिथे फिजिओथेरपिस्टची गरज लागते. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात आणि ठरावीक दिवसच घ्याव्यात. उन्हात घाम गाळत, पाणी कमी पीत या गोळ्या रोज खाल्ल्या तर मूत्रपिंडावर घाला येतो, आणि फडात नेमकी हीच परिस्थिती असते. नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्या घेऊच नयेत, त्यांत स्टिरॉइड असू शकतं. नसेच्या दुखण्यावर सर्रास दिलं जाणारं प्रीगॅबलिन २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात २०९ सायटिका रुग्णांवर तपासलं गेलं, तेव्हा ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. चक्कर मात्र वाढली. ते चालू असेल तर एकदम सोडू नये, पण कशासाठी दिलं आहे हे विचारावं.

ऑपरेशनचा खरा लाभ किती, याचं सर्वांत स्वच्छ उत्तर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका डच अभ्यासात मिळतं. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका सोसलेल्या २८३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले गेले. एकाचं ऑपरेशन लवकर केलं, दुसऱ्याला थांबायला सांगून गरज पडली तरच ऑपरेशन करायचं ठरवलं. थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करून घ्यावं लागलं, म्हणजे ६१ टक्क्यांचं ते टळलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांना बरं वाटायला साधारण चार आठवडे लागले, थांबणाऱ्यांना बारा. वर्ष संपताना मात्र दोन्ही गटांत बरे झालेल्यांचं प्रमाण सारखंच, ९५ टक्के होतं. यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे: ताकद शाबूत असेल तर ऑपरेशन तुम्हाला वेग देतं, शेवटचं ठिकाण बदलत नाही. पण म्हणून वाट पाहायलाही मर्यादा हवी. २०२० साली कॅनडात चार ते बारा महिने पायदुखी भोगणाऱ्या १२८ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात ऑपरेशन झालेल्यांची पायाची कळ सहा महिन्यांनी न केलेल्यांपेक्षा ठळकपणे कमी होती. म्हणजे पहिले सहा आठवडे धीर धरावा, सहा ते बारा आठवड्यांत सुधारणेचा कल बघावा, आणि चार महिन्यांनंतरही पाय झोपू देत नसेल तर ऑपरेशन टाळत बसण्यात शहाणपण नाही.

इथे हातावर पोट असलेला माणूस बिनतोड वाटणारा आक्षेप घेईल. बारा आठवडे थांबायला पगारी रजा लागते. ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याला चार आठवड्यांत उभं करणारं ऑपरेशनच परवडतं. हा हिशेब अर्धाच आहे. चार आठवड्यांत पायाची कळ जाते, मोळी उचलायची ताकद येत नाही. गादीच्या कड्याला पडलेलं भगदाड ऑपरेशननंतरही भरून यायला वेळ घेतं. बैठं काम काही आठवड्यांत सुरू करता येतं, पण जड वजन उचलायला साधारणपणे तीन महिने थांबायला सांगतात. काही जणांत त्याच जागी गर पुन्हा बाहेर येतो. वीस रुग्णांत एकापासून ते दहांत एकापर्यंत असं हे प्रमाण ठिकठिकाणी आढळलं आहे. ऑपरेशन करून महिन्याभरात फडावर गेलेल्या माणसाने हा धोका आपण होऊन वाढवलेला असतो, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं सोपं नसतं. म्हणजे ऑपरेशनने हंगाम वाचत नाही. दोन्ही वाटांनी तीन महिने जड काम सुटणारच आहे. मग उचल घेण्याआधी मुकादमाशी बोलणं, जोडीतल्या दुसऱ्याच्या वाट्याला मोळी वाहणं देणं, त्या वर्षी घरातल्या दुसऱ्या कुणी कोयता धरणं किंवा गावातच हलकं काम शोधणं, या गोष्टी उपचाराचाच भाग ठरतात. डॉक्टरांनाही आपलं काम नेमकं सांगावं. 'मजुरी' म्हटलं तर त्यांना मोळी दिसत नाही.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप भीतीचा असतो: मणक्याचं ऑपरेशन म्हणजे अपंगत्व. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी बाहेर आलेली गादी आणि सायटिका यांचा संबंध जगापुढे मांडला, त्या काळी मणका बराच उघडावा लागत असे. आज नेहमीच्या ऑपरेशनात लहानशा छेदातून, सूक्ष्मदर्शकाखाली नसेवर बसलेला तेवढाच तुकडा काढतात, आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत स्वतःच्या पायांनी चालत घरी जातात. नसेच्या आवरणाला चीर जाणं, जंतुसंसर्ग, क्वचित नसेला इजा हे धोके आहेत आणि ते आधी समजावून घेतले पाहिजेत. पण लोंबतं पाऊल महिनोन्महिने तसंच ठेवण्याचा धोका त्याहून मोठा आहे. 'ऑपरेशन करून पाय गेला' अशी गोष्ट ऐकू येते तेव्हा पाय आधीच कमजोर झाला होता का, आणि किती उशिरा दाखवलं, हे विचारून बघावं. अपेक्षाही नीट ठेवावी. हे ऑपरेशन पायाच्या कळेसाठी असतं, नुसत्या कंबरदुखीसाठी नसतं. ज्याची कंबरच दुखते आणि पायात काही नाही, त्याला यातून फारसा लाभ मिळत नाही. पहिल्यांदाच साधी गादी बाहेर आली असताना स्क्रू-रॉड घालायला सांगितलं, तर मणका अस्थिर आहे का आणि ते कशावरून ठरवलं, हे जरूर विचारावं. एरवी त्याची गरज नसते.

घाईच्या ऑपरेशनाविषयी सावध राहायला बीडइतकं कारण क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याला असेल. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणीतल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींचं हे ऑपरेशन झालेलं होतं, म्हणजे सहा जणींमागे एकीचं. अंगावरून पांढरं जाणं, पोटात दुखणं अशा औषधांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारींवर 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती घातली गेली, आणि पाळीच्या दिवसांत खाडा नको म्हणून बायकांनीही होकार दिला. त्यानंतर खासगी रुग्णालयात असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. मणक्याच्या ऑपरेशनांबाबत इथे तसंच घडलं आहे, असं यातून सुचवायचं नाही. शिकण्यासारखी गोष्ट निर्णयाच्या घडणीची आहे. 'आता नाही केलं तर लुळे पडाल' हे वाक्य आणि 'हंगामाआधी उरकून टाकू' ही घाई एकत्र आली, की रुग्णाचा प्रश्न विचारण्याचा हक्क संपतो. गर्भपिशवीला मिळालेला परवानगीचा अडसर मणक्याला नाही. दुसरं मत घेऊन तो आपला आपणच उभा करावा लागतो.

ऑपरेशन आणि थांबणं यांच्या मधलेही काही उपचार असतात. मणक्यातल्या नसेजवळ दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन काही जणांना काही आठवड्यांपुरता आराम देतं. शरीर गर शोषून घेत असताना झोप मिळावी म्हणून ते उपयोगी पडू शकतं, पण तोच कायमचा इलाज म्हणून पुन्हा पुन्हा घेण्याला अर्थ नाही. मधुमेह असेल तर त्याने साखर वाढते, हेही लक्षात ठेवावं. वजन लावून कंबर ओढण्याने गादी आत जाते, याला भक्कम पुरावा नाही. पट्टा चार दिवस आधार देतो, महिनोन्महिने वापरणाऱ्याने त्यावर विसंबून स्नायू ढिले करून घेऊ नयेत. तेल लावून हलक्या हाताने शेक-मालिश केल्याने बरं वाटत असेल तर हरकत नाही. कंबरेवर पाय देऊन, झटका मारून मणका 'बसवणाऱ्या'कडे मात्र जाऊ नये. दबलेल्या नसेवर तो झटका महागात पडतो. अनेकांना अशा हातांनी गुण आल्यासारखं वाटतं याचं कारण वर आलंच आहे: बहुतेक दुखणी सहा-बारा आठवड्यांत आपली आपणच उतरतात, आणि श्रेय शेवटी जो भेटला त्याला जातं. डॉक्टरांच्या गोळ्यांनाही हाच न्याय लावावा.

दुसऱ्या मतासाठी लांबच जायला हवं असं नाही. बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवता येतं, आणि गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे. जाताना एमआरआयचा नुसता कागद न नेता फिल्म किंवा सीडी न्यावी, आणि दुखणं कोणत्या तारखेला सुरू झालं, कळ कुठपर्यंत जाते, कोणती बोटं बधिर आहेत, गेल्या पंधरा दिवसांत वाढलं की कमी झालं, हे एका चिठ्ठीवर लिहून न्यावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आपलं ऑपरेशन त्यात कोणत्या रुग्णालयात बसतं, हे पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं. आणि होकार किंवा नकार देण्यापूर्वी त्याचं कारण स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात सांगून बघावं. 'माझं पाऊल उचलत नाही म्हणून ऑपरेशन', 'चार महिने झाले, पाय झोपू देत नाही म्हणून ऑपरेशन', 'तीन आठवडे झालेत, ताकद शाबूत आहे आणि कळ उतरते आहे म्हणून थांबतो', ही सगळी कारणं टिकणारी आहेत. 'गॅप दिसतोय म्हणून', 'शेजाऱ्याने केलं म्हणून', 'टोळी पुढच्या महिन्यात निघणार म्हणून' असं उत्तर निघालं, तर निर्णय अजून झालेला नाही असं समजून आणखी एका डॉक्टरला पाय दाखवावा.